अक्कासाठी उंच केलेली पिकअप

बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुठलीही वस्तू निवडायला दिली की त्यांचा चेहरा पंचनाम्याला आलेल्या तलाठ्यासारखा व्हायचा. साधा दोरखंड घ्यायचा तरी ते तो दोन्ही हातांत ताणून बघणार, पीळ उलगडून बघणार, दुकानदाराला नको नको करून सोडणार आणि शेवटी म्हणणार, पुढच्या बाजारी बघू. या ‘पुढच्या बाजारी बघू’वर अक्का आणि मी पोट धरून हसायचो. अक्का माझी थोरली बहीण. तिचं लग्न ठरवतानाही हाच प्रकार. गंगथडीचं, म्हणजे गोदाकाठचं, ते स्थळ बापू इतक्यांदा बघून आले की तिच्या होणाऱ्या सासूने विचारलं म्हणे, इवाई, तुम्ही पोरगा बघायला येता का आमच्या म्हशी?

बापूंच्या या स्वभावाला लोक चिकित्सा म्हणायचे, मी भित्रेपणा म्हणते. आणि त्या भीतीचं कारण मला माहीत होतं, म्हणून त्यांच्यावर धड रागावताही यायचं नाही. आई गेली तेव्हा मी अगदी लहान होते. ती पोटुशी होती, अचानक दुखायला लागलं, म्हणून बापूंनी दमणीला बैल जुंपले आणि तिला अंबडच्या दवाखान्यात न्यायला निघाले. काळ्या रानातली खाचखळग्यांची वाट. अंबडची वेस आली तेव्हा आई संपलेली होती. नेमकं काय झालं ते कुणीच सांगितलं नाही, विचारायची रीतही नव्हती. बापूंनी मात्र ठरवून टाकलं की हिसक्यांनी तिचा जीव घेतला. त्यानंतर त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, आणि घरातल्या बाईमाणसाला बैलगाडीत बसू दिलं नाही. आम्ही दोघी बहिणी जत्रेला चालत जायचो.

पुढे मोसंबीचे दोन बहर चांगले लागले तेव्हा त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. लष्कराच्या लिलावातून कुणा व्यापाऱ्याने उचललेली, मागे लाकडी हौदा, पुढे तिघं दाटीवाटीने बसतील अशी एकच लांब बैठक. जालन्याच्या मोंढ्यात मोसंबी न्यायला ती बरी होती. पण अक्काच्या पहिल्या दिवाळीला आम्ही तिला आणायला गेलो आणि गाडी वाटेतच अडकली. गंगथडीच्या त्या वाटेवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल गेलेल्या आणि मधला उंचवटा वाळून दगड झालेला. पिकअपच्या मागच्या धुऱ्याला मध्यावर लोखंडी गोळा असतो, तो त्या उंचवट्यावर टेकला आणि चाकं अधांतरी फिरायला लागली. शेवटी अक्काच्या सासरचे बैल आणून गाडी ओढून काढावी लागली. बापूंना ते फार लागलं. लेकीच्या सासरच्या बैलांनी आपली गाडी ओढावी, ही गोष्ट ते दिवाळीभर चघळत बसले.

संक्रांतीला दाजी, अक्काचा नवरा, तिळगूळ घेऊन सायकलवर आले आणि बऱ्याच इकडच्या तिकडच्या गप्पा मारून झाल्यावर खाली मान घालून म्हणाले, की घरी बातमी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. सातव्यात ओटी भरायची आणि लेकीला घेऊन यायचं. आठव्यात तिला हलवायचं नाही, वेस ओलांडू द्यायची नाही. बापूंचा चेहरा आधी उजळला आणि मग त्यांच्या डोक्यात ती चाकोरी आली असावी, कारण दाजी अजून बसलेले असतानाच ते उठून पिकअपखाली वाकून बघू लागले.

म्हणजे काम सरळ होतं. सातवा महिना संपायच्या आत गाडी वीतभर उंच करायची आणि अक्काला घेऊन यायचं. दुसऱ्या कुणी आठवड्यात उरकलं असतं.

जालन्याला गॅरेजांची जी गल्ली होती तिथला एक मिस्त्री बापूंच्या ओळखीचा होता. तोंडात पान, दर वाक्याला ‘बराबर का न्हाई?’ असं विचारायची सवय, आणि उत्तर ऐकायच्या आधीच पुढचं वाक्य. मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. बापू मला बरोबर न्यायचे, कारण त्यांना गाडीत बाईमाणूस बसवून हिसके तपासायचे होते. मिस्त्रीने पहिल्याच दिवशी निकाल लावला. गाडी ज्यांवर तोललेली असते त्या कमानपाट्यांच्या थप्पीत दोन दोन पाटे जादा घाला, गाडी आपोआप उंच होते, भंगारात ट्रकचे पाटे पडलेत. बापूंनी एकच विचारलं, पाटे वाढवले की गाडी कडक होते ना? मिस्त्री म्हणाला, होणारच, मोसंबीला काय फरक पडतो? मोसंबी नव्हे, लेक आणायचीय, असं बापूंनी सांगितलं. मिस्त्रीने पान थुंकलं आणि दुसरा उपाय काढला.

दुसरा उपाय असा, की आहेत तेच पाटे लोहाराकडून ठोकून त्यांना जास्त बाक द्यायचा. बापूंनी गल्लीतल्या एका जीपवाल्याला गाठून विचारलं, तर तो म्हणाला, ठोकलेला पाटा महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा बसतो. हेही बाद. तिसरा उपाय गुटक्याचा. धुरा आणि पाटे यांच्या मधे एक ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टनी सगळं आवळून टाकायचं. पाटे तेच, म्हणून गाडी पहिल्याइतकीच मऊ, आणि उंची मात्र ठोकळ्याएवढी वाढलेली; त्या वाढलेल्या जागेत मोठी चाकं बसवली की धुऱ्याचा गोळाही वर उचलला जाणार. बापूंना हे पटलं. मला वाटलं, सुटलो. पण गुटका बाभळीचा की लोखंडाचा, यावर माघ गेला. बाभळीचा तडकला तर? लोखंडाचा ओतला आणि आतून पोकळ निघाला तर? शेवटी ओतकामवाल्याकडून लोखंडाचे दोन गुटके करून घेतले. घरी आणून बापूंनी ते पाटावर शेजारी शेजारी ठेवले, वर काठी आडवी धरली आणि डावा केसभर उंच आहे म्हणून परत नेले. ओतकामवाला हसला, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवाय पुढच्या चाकांना गुटका चालत नाही, ब्रेक मारला की तो सरकायची भीती, म्हणून पुढे नवे, जास्त बाकाचे पाटे हवे होते. तेही बापूंनी एकेक उचलून, कानाशी नेऊन, टिचकी मारून घेतले. काय ऐकत होते देव जाणे.

फाल्गुन असा गेला, चैत्र तसा गेला. गाडी उंच झाली, मोठी चाकं बसली आणि मिस्त्रीच्या लक्षात आलं, की धक्के झेलणारे जुने शॉकअप आता आखूड पडतात. उंचीमुळे ते कायम ताणलेले राहायचे आणि प्रत्येक खड्ड्यात खाडकन धक्का द्यायचे. मी पुढे बसून बघितलं. माकडहाड वाजलं, ते मी सांगितलं. खोटं सांगायला हवं होतं असं आता वाटतं खरं, पण तेव्हा कुणाला काय माहीत. बापू म्हणाले, जास्त लांबीचे शॉकअप पाहिजेत. ते जालन्यात नव्हते. मिस्त्रीने औरंगाबादला निरोप धाडला.

त्या वर्षी वैशाख दोन होते. आधी अधिक, म्हणजे आमच्या बोलीत धोंड्याचा महिना, आणि मग खरा. शॉकअप येईनात, इकडे धोंड्याचा महिना लागला, तेव्हा बापू जरा घाबरले आणि गावातल्या जोशीबुवांकडे गेले. धोंड्यात ओटी भरून लेक आणता येते का, असं त्यांनी विचारलं. बुवा म्हणाले,

“धोंड्याचा महिना धरत न्हाईत.”

बुवांना म्हणायचं होतं, शुभकार्याला धरत नाहीत. बापूंनी ऐकलं, मोजायला धरत नाहीत. कार्तिकापासून बोटं मोजत ते ज्या वैशाखापर्यंत, म्हणजे सातव्यापर्यंत, आले होते, तो वैशाख त्यांनी एकदाच मोजला. आनंदात घरी आले. इतके हलके मी त्यांना फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

“देवानं एक महिना फुकटात दिला, पोरी,” ते म्हणाले. “आता घाई न्हाई. शॉकअप येऊ दे आरामात.”

घरात एखादी मोठी बाई असती तर तिने तिथल्या तिथे त्यांचं बोट धरून पुन्हा मोजायला लावलं असतं. मला सतरावं लागलं होतं. पोट म्हणजे काय आणि महिना म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि सतरा वर्षांच्या पोरीने बापाला असलं विचारायचं नसतं. मीही मान डोलावली. जोशीबुवांवर माझा राग आहे तो आजही गेलेला नाही. चार शब्द जास्त बोलायला त्यांचं काय जात होतं?

धोंड्याचं वाण घ्यायला जावयाला बोलवायची पद्धत. दाजी आले, जेवले, अनारसे घेऊन निघाले. सायकलवर टांग टाकता टाकता म्हणाले, आईनं विचारलंय, गाडी कधी आणता? बापू म्हणाले, शॉकअप यायचेत, आले की आलोच. दाजी नवखे जावई, सासऱ्यापुढे जास्त काय बोलणार. त्यांनाही महिन्यांचा हिशेब ठाऊक नसावा. गडी माणसं.

शॉकअप आले तेव्हा खरा वैशाख लागून आठवडा उलटून गेला होता. मिस्त्रीने ते बसवले आणि बापूंनी मला बैठकीवर बसवून, मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेली परात देऊन, गाडी मुद्दाम नांगरलेल्या रानातून घातली. माझं लुगडं फक्त काठाला भिजलं. बापूंनी मिस्त्रीला पेढे दिले. गाडी खरोखर फार सुरेख झाली होती, हे मी कबूल करते. उंच, मऊ, चाकोरीवरून जाताना खाली नुसती हवा. अक्कासाठी गोधडी दुहेरी घालून, ओटीचं सामान बांधून आम्ही गंगथडीला निघालो तेव्हा बापू चक्क गुणगुणत होते. जिथे दिवाळीत अडकलो होतो तिथून गाडी अलगद पार झाली, गोळा कशालाही टेकला नाही. बापूंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मला स्वच्छ आठवते.

अक्काच्या सासूने पाणी दिलं, गूळ दिला, आणि बापूंनी न्यायची गोष्ट काढताच म्हातारी सरळ म्हणाली, की आता नाही, आठवा लागला. बापूंना ती चेष्टाच वाटली. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. जोशीबुवांचा हवाला दिला. म्हातारीने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“धोंड्याचा महिना लग्नाला न्हाई धरत, इवाई,” ती म्हणाली. “पोटाला धरतेत.”

मग बापूंनी जे कधी कुणापुढे केलं नव्हतं ते केलं, हात जोडले. आठच दिवस झालेत, गाडीला हिसका म्हणून नाही, अंबडला दवाखाना आहे, जाऊ द्या. म्हातारी वाईट नव्हती. तिचाही जीव होताच अक्कावर. पण आठव्यात हलवलेली बाई आणि आठव्यात झालेलं मूल यांच्याबद्दल तिने जे आयुष्यभर पाहिलं-ऐकलं होतं, त्यापुढे आमचे शॉकअप काय सांगणार? ती म्हणाली, नववा लागला की या, मी स्वतः पाठवते.

अक्का दाराशी उभी होती. तिला यायचं होतं. नुसतं गाडी बघते म्हणून ती अंगणात आली, आम्ही सगळे मागे. तिने बैठकीवर हात ठेवला, एक पाय उचलला, आणि तो कुठेच पोचेना. गाडी इतकी उंच झाली होती, की मला चढायला उडी मारावी लागायची, आणि आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की पोटुशी बाई त्यात चढणार कशी. पाटे झाले, गुटके झाले, यू-बोल्ट झाले, चाकं झाली, शॉकअप झाले, पायरी राहिली. अक्का पोटावर हात ठेवून हसत सुटली. तिचं हसणं कुणाचं मन मोडणारं नव्हतंच कधी.

“बापू, शिडी आणायची राह्यली की वो,” ती म्हणाली.

तिची सासूही हसली. मी हसले. बापू हसले नाहीत. ते गाडीच्या दाराखाली, जिथे पायरी असायला हवी होती, तिथे बघत उभे राहिले.

ओटीचं सामान तसंच परत आलं. बापू दुसऱ्या दिवशी जालन्याला गेले आणि पायरी जोडून आणली, लोखंडी, वर घसरू नये म्हणून खडबडीत पत्रा. बैल गेला आणि झोपा केला, असं मी मनात म्हणाले, मोठ्याने म्हणायची हिंमत झाली नाही. मग गाडी दारात उभी राहिली. वाट कोरडी ठणठणीत होती, टाकीत पेट्रोल होतं, चाकांत हवा होती, आणि आम्ही नववा लागायची वाट बघत बसलो. बापू रोज सकाळी काच पुसायचे. मला ती गाडी बघवेनाशी झाली होती. अंगणात कुणीतरी पाहुणा येऊन बसावा आणि उठूच नये, तसं वाटायचं.

नववा लागलाच नाही. एका दुपारी दाजी सायकलवर आले, अंगरखा घामाने पाठीला चिकटलेला, आणि उंबऱ्यातच बसले. पहाटेपासून अक्काला दुखत होतं. गावातली सुईण म्हणत होती, पोर आडवं आहे, माझ्याने होत नाही. तेव्हा कुठे सासूने वेस ओलांडायची परवानगी दिली होती. बापूंनी अंगात सदरा न घालता गाडी काढली. मी मधे, दाजी कडेला. त्या दिवशी त्यांनी ती गाडी जशी हाकली तशी ना आधी कधी हाकली, ना नंतर. आणि ती चालली. चाकोऱ्या, दगड, ओढ्याचं कोरडं पात्र, कशाशीही अडखळली नाही. सगळं जसं मनात धरून केलं होतं तसंच झालं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बायका पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. मला वाटलं अक्का गेली. अक्का होती. मुलगा होता तो. माणसं त्याला पुरायला घेऊन रानात गेली होती. म्हातारी बापूंपुढे आली आणि नुसती उभी राहिली. बापूंनी मोजायला चुकवलेला महिना होता आणि तिने धरून ठेवलेला महिना होता. चूक कुणाची म्हणायची? मी दोघांवरही रागावले आणि दोघांचीही मला दया आली, आणि त्यातलं काहीही उपयोगाचं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दवाखान्यात वेळेवर पोचली असती तर बहुधा वाचलं असतं. आणि हिसक्यांचं काय, असं मी विचारलं. हिसक्यांनी काय होणार, त्या म्हणाल्या, बैलगाडीतून आलेल्या किती बायकांची बाळंतपणं मी रोज करते. बापू तेव्हा हयात नव्हते, हे बरं झालं.

सुतक फिटल्यावर म्हातारीने अक्काला चार दिवस माहेरी पाठवलं. बापू आणि मीच आणायला गेलो. अक्का पायरीवर पाय ठेवून आरामात वर चढली आणि आम्हा दोघांच्या मधे बसली. तिचं लुगडं छातीवर ओलं होत होतं, मी तिच्या अंगावर टॉवेल टाकला. बापू गाडी इतकी हळू चालवत होते, की पायी चाललेला माणूस आमच्याबरोबर राहिला असता. खड्डा दिसला की थांबायचे, एक चाक उतरवायचे, मग दुसरं. चाकोरीची कड आली की पुन्हा तसंच. ऊन डोक्यावर आलं होतं. अर्धी वाट गेल्यावर अक्काने बापूंच्या हातावर हात ठेवला.

“जल्दी चालवा बापू,” ती म्हणाली. “आता कशाला जपून राह्यलात?”

बापूंनी ऐकलं, नाही असं नाही. त्यांनी पाय दाबायचा प्रयत्नही केला, गाडीने जरा जोर घेतला आणि पुढचा खड्डा दिसताच तो पाय आपोआप वर आला. मग त्यांनी प्रयत्न सोडून दिला. घर येईपर्यंत ते तसेच, चाकामागून चाक उतरवत, अलगद चालवत राहिले.